आमचं समुद्राचं गणित

आज रविवार गेला तारकर्लीत घर शोधण्यात, तोही इंदूरच्या गच्चीवर बसून. पहिल्या घराच्या फोटोत समुद्र अगदी उंबऱ्याशी. नकाशात पाहिलं तर मध्ये रस्ता आणि अख्खी वाडी! सोडलं. दुसऱ्या घरच्या काकूंनी भाडं सांगण्याआधी विचारलं, "मासे खाता ना?" म्हटलं, अर्धं घर खातं, अर्धं नाक दाबून बसतं. "मग दोन चुली मांडू." तिथेच ठरलं.

वर म्हणाल्या, तिथी बघून या. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आईनं लगेच भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत भरत्या-ओहोट्या मांडायला बसली.

अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबई, दिवसभर आत्याकडे, रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस, सकाळी कुडाळ. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, म्हणून दिवाळीनंतरच.

बाबांना प्रश्न एकच: तिथल्या पोह्यांवर घालायचं काय? आमच्या इंदुरी पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याची पुडी त्यांनी आजच बॅगेत टाकलीय. तिकिटं अजून काढायचीत.