रजिस्टरमधली पहिली ओळ

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा चार दिवसांवर आली होती. होम मैदानावर पाळणे उभे राहत होते, नवी पेठेत भर दुपारी गाडी लावायला जागा नव्हती. मी दुकानात एका लॅपटॉपचं तुटलेलं बिजागर बसवत होतो. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी टॉवेलच्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. नॅपकिन उलगडला तर आत गेमचा पुठ्ठ्याचा मोठा खोका. तसले खोके आता कुठे बघायला मिळत नाहीत. आत दोन सीडी, माहितीपुस्तक, पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेली 'की', म्हणजे गेम टाकताना द्यायचा क्रमांक, आणि चार घड्या घातलेलं पुण्याच्या एका दुकानाचं बिल. सन 2004, रुपये 999.

"मालक, ओळखलंत काय?"

मी ओळखलं नव्हतं.

"त्या दिवाळीत तुमच्याकडंच आलतो. पोराला हा गेम पाहिजे होता. तुम्ही म्हणालात, शंभर रुपयांत कॉपी देतो, हजार कशाला घालवता. मी म्हटलं नको, ओरिजिनल पाहिजे. तर म्हणालात, सोलापुरात कोण ठेवत नाही, पुण्याला बघा."

मी तसं म्हणालो असणार. त्या काळात माझ्या काउंटरवर सीडी रायटरवर नक्कल केलेल्या सीडींचं एक जाडजूड फोल्डर असायचं. मार्कर पेनने गेमची नावं लिहिलेली. गिऱ्हाईक पानं उलटायचं, बोट ठेवायचं, मी काढून द्यायचो. दुकानाचं भाडं कित्येक महिने त्या फोल्डरनेच भरलं. ते चूक होतं, आणि चूक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. फोल्डर मी 2008 च्या सुमारास बंद केलं. पण ज्याने माझ्याकडून कॉपी घेतली नाही, असा माणूस समोर येऊन उभा राहील असं कधी वाटलं नव्हतं.

हे गृहस्थ म्हणजे अण्णा, पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले. जन्मभर जॅकार्डच्या कार्डांचं पंचिंग केलेलं. चादरीवरचं मोर-फुलांचं डिझाइन मागावर उतरायचं तर आधी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं मारावी लागतात. कोणता धागा वर उचलायचा हे ती भोकं मागाला सांगतात. मुलगा आता हैदराबादला नोकरीत. यात्रेला येणार होता, सात वर्षांच्या लेकीला घेऊन. लहानपणी ज्या गेमवर जीव टाकला तो लेकीला दाखवायचा, असं त्याच्या मनात. दिवाळीत त्याने आपल्या नव्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून बघितला होता. इन्स्टॉल झाला, चालू मात्र होईना.

"सीडी खराब झाली म्हणतोय पोरगा. मी तर कपाटात डांबरगोळ्या घालून जपलीय."

सीडीवर एक ओरखडा नव्हता. फक्त एका सीडीच्या मधल्या भोकाजवळ केसासारखी तड गेलेली. पण अडचण त्या तडीची नव्हती, कुलपाची होती.

त्या काळच्या पुष्कळ गेमना सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. कारखान्यात डिस्क छापतानाच तिच्यावर हजारो सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे कप्पे, मुद्दाम खराब छापायचे. साधा रायटर नक्कल करताना ती खोट सुधारून टाकतो, म्हणजे नक्कल मुळापेक्षा शुद्ध होते आणि तिथेच पकडली जाते. गेम सुरू होताना बघतो, खोट जागच्या जागी आहे का? असेल तर डिस्क खरी. ही तपासणी करायला विंडोजच्या पार आतल्या थरात एक ड्रायव्हर, म्हणजे छोटा मदतनीस प्रोग्रॅम, बसवलेला असे. त्या ड्रायव्हरमधूनच हल्लेखोरांना आत शिरता येतं हे पुढे उघड झालं. 2015 साली विंडोज 10 आलं ते त्याला वगळून, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या अपडेटने जुन्या विंडोजमध्येही तो बंद केला. सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं. पण कुलूप उघडणारा पहारेकरीच गेला, आणि किल्ली हातात असलेला माणूस दाराबाहेर राहिला.

आणि ज्यांनी माझ्या फोल्डरवर बोट ठेवलं त्यांचं काय? त्यांच्या सीडीत क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली फाइल होती. ती फाइल खोट तपासतच नाही, तिला पहारेकरी लागत नाही. म्हणजे शंभर रुपये देणाऱ्याचा गेम आजही बहुधा चालेल, 999 देणाऱ्याचा नाही. हे अण्णांना समजावून सांगताना माझा आवाज बसला.

दुकानात माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, बारावी करून आलेला, हुशार. तो मागून म्हणाला, "दादा, क्रॅक टाकू की. दोन मिनिटांचं काम आहे."

आमच्या दुकानात क्रॅक टाकत नाहीत. हा नियम मी एका दुपारी केला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना, तिथल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर दिवाणजींच्या मुलाने क्रिकेटचा फुकटचा गेम टाकला. सोमवारी सकाळी सगळ्या फाइलींना कुलूप आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. पाच वर्षांच्या वह्या. आठ महिने जुना बॅकअप सापडला म्हणून कारखाना वाचला. पुढचे आठ महिने दिवाणजी कागदी बिलं बघून रात्ररात्र नोंदी करत बसले. ते दिवाणजी डोळ्यांसमोर असताना कुठल्यातरी अनोळखी माणसाने उघडलेली फाइल मी कुणाच्या मशीनमध्ये घालणार नाही.

"पण दादा, ह्यांनी तर पैसे भरलेत," पोरगा म्हणाला. "हे चोर कसे?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वकील मॅडमना फोन लावला. त्यांच्या ऑफिसचे प्रिंटर आमच्याकडेच येतात. मॅडम कोर्टातून नुकत्या बाहेर पडल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "बिल आहे का त्यांच्याकडे?" आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग लिहून घ्या."

कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 52 मध्ये असं आहे, की ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर मार्गाने आली, तो ज्या कामासाठी ती मिळाली त्या कामापुरती तिची नक्कल किंवा त्यात फेरबदल करू शकतो, आणि खराब होण्याच्या भीतीने बॅकअपही ठेवू शकतो. कुलूप तोडण्याचा गुन्हा 2012 च्या दुरुस्तीत आला, कलम 65ए. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हा गुन्हा, कॉपीराइटचा हक्क बुडवण्याच्या हेतूने तोडलं तरच. ज्या कामाला कायद्याने मनाई केलेली नाही त्यासाठी कुलूप काढायला हे कलम आड येत नाही.

"आता तुमचं ऐका," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याला ह्या कामात मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल अशी सगळी माहिती आणि हेतू ह्याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. कलमातच लिहिलंय. तुमच्याकडे असं रजिस्टर आहे?"

वीस वर्षं दुकान चालवतोय. मोबाइल विकत घेताना ओळखपत्राची झेरॉक्स घेतो, हार्डडिस्कचा नंबर लिहून ठेवतो. पण अशी वही असते हे मला ठाऊकच नव्हतं.

"आणि नेटवरचा क्रॅक?"

"तो नको. ती दुसऱ्या कुणीतरी केलेली बेकायदा प्रत. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर 63बी लागतं, सात दिवस ते तीन वर्षं. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून दंडावर सोडू शकतं, पण तुमचं तर दुकान आहे. जे करायचं ते त्यांच्या स्वतःच्या डिस्कवरून करा."

माझ्या जुन्या फोल्डरबद्दलही मी विचारलं. मॅडमनी लपवाछपवी केली नाही. कलम 63, सहा महिने ते तीन वर्षं, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. काउंटरच्या ज्या जागी फोल्डर असायचं तिथेच माझा हात टेकलेला होता.

पोऱ्याला कोपऱ्यावरून दोनशे पानी वही आणायला पाठवलं. माळ्यावरून एक पेंटियम 4 चं कॅबिनेट काढलं, त्याला वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला, त्यात विंडोज एक्सपी टाकलं. नेटची वायर लावलीच नाही, कारण असल्या जुन्या विंडोजला नेटवर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. मूळ सीडी घातली. एक्सपीमध्ये तो जुना पहारेकरी अजून आहे. पहिला पडदा आला, गाडीचा आवाज आला आणि अण्णा खुर्चीतून उठले. तेवढ्यात ड्राइव्ह थरथरायला लागला. तड गेलेली सीडी वेगाने फिरताना आतल्या आत फुटू शकते. मी लगेच बाहेर काढली. म्हणजे बॅकअपशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बॅकअप खोटीसकट घ्यायचा होता.

पहिली नक्कल फसली. गेमने सरळ सांगितलं, मूळ डिस्क घाला. दुसऱ्या वेळी ड्राइव्हचा वेग अगदी कमी केला. प्रत्येक खराब सेक्टरशी ड्राइव्ह थांबतो, परत परत वाचून बघतो, टक् टक् करतो, मग नाइलाजाने पुढे सरकतो. असे हजारो. चार वाजता लावलेलं काम सातला अर्ध्यावर होतं. दुसरी गिऱ्हाइकं येऊन गेली. अण्णा काही उठले नाहीत.

पोरगा म्हणाला, "दादा, तरी पण, ह्या कंपन्यांकडं ढिगानं पैसा असतोय. दोन पोरांनी फुकट खेळलं तर काय होतंय?"

मी त्याला 'गेम डेव्ह टायकून'चं सांगितलं. दोघा भावांच्या छोट्या कंपनीने काढलेला गेम, त्यात आपण गेमची कंपनी चालवायची. 2013 साली त्या भावांनी स्वतःच एक बदललेली प्रत नेटवर फुकट सोडली. तीत थोडं खेळून झालं की आपल्या कंपनीचे गेम लोक फुकट उतरवून घेतात आणि कंपनी बुडते. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांपैकी 93.6 टक्के लोकांकडे ती फुकटची प्रत होती, विकत घेणारे 214. आणि फुकट्यांमधलेच काही विचारत होते, ही चोरी थांबवायला गेममध्ये काही उपाय आहे का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 चा, भावाला शोधायला निघालेल्या मुलीचा. त्यासाठी लोकवर्गणी काढली ती ठरवलेल्या रकमेपर्यंत पोचली नव्हती. ढीग कुठे होता तिथे?

"राजी मी खेळलोय," पोरगा म्हणाला. कुठून घेतला ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

अण्णा ड्राइव्हचा टक् टक् आवाज ऐकत होते. म्हणाले, "ही खोट मुद्दाम घातलीय म्हणता? मी पण घालायचो."

मला कळलं नाही.

"डिझाइन माझं, कार्डं माझी. पण एकदा चादर बाजारात गेली की कुणीही आणायचा आणि धागे मोजून तसंच डिझाइन उतरवायचा. मग मी काय करायचो, कोपऱ्यातल्या मोराच्या पायाशी एक भोक जास्तीचं मारायचो. चादरीवर एक ठिपका. सांगितल्याशिवाय कुणाला दिसायचा नाही. एकदा दुसऱ्याच्या दुकानात चादर बघितली, मोराच्या पायाशी माझा ठिपका." त्यांनी काउंटरवर बोटाने तो ठिपका दाबून दाखवला. "मालकाला जाऊन म्हटलं, हा ठिपका माझाय. तो हसला. पैसे दिले नाहीत, पण पुढचं डिझाइन माझ्याकडनं करून घेतलं."

"म्हणून ओरिजिनल घेतलात?"

"होय की. कुणीतरी बसून केलेलं असतंय ते. पण मालक, माझ्या ठिपक्यानं चादर घेणाऱ्याला कधी थंडी वाजली नाही. ह्यांच्या खोटीनं माझीच पोरं बाहेर राहिली."

चोराला पकडणारी खूण आणि मालकालाच अडवणारं कुलूप ह्यांतला फरक मला इतका स्वच्छ आजवर कुणी सांगितला नव्हता. अण्णांच्या हातात निदान डिस्क तरी होती. आता पुष्कळ गेम कंपनीच्या सर्व्हरवर जगतात. 'द क्रू' हा गाड्यांचा गेम 2014 चा. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेणाऱ्यांनाही तो खेळता येईना. तिथे माळ्यावरचं पेंटियम काय करणार? मला वाटतं, जो विकतो त्याने कुलूप लावावं, जरूर लावावं, पण पहारेकरी निवृत्त करताना दार उघडं ठेवून जाण्याची सक्ती त्याच्यावर असायला हवी. तोवर आमच्यासारख्यांनी हे काम लपूनछपून करू नये, वहीत नाव लिहून करावं.

साडेनऊला दुसरी नक्कल पुरी झाली. त्याच पेंटियमवर व्हर्च्युअल ड्राइव्हवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या सीडी ड्राइव्हवर चढवली. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला, मग गाडीचा आवाज आला. पोऱ्याने टाळी वाजवली. अण्णांनी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि हैदराबादला पाठवलं.

मग वही उघडली. रेघा मारून रकाने पाडले: नाव, पत्ता, ओळखपत्र, वस्तू, खरेदीचा पुरावा, काय केलं, हेतू. पहिल्या ओळीत अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. नाव-पत्ता मराठीत. हेतूच्या रकान्याशी थांबले, मग तेलुगूत एक ओळ लिहिली, कारण शाळा त्या माध्यमाची. मला वाचता येईना. त्यांनी वाचून सांगितलं: नातीला दाखवायला, जो गेम मी विकत घेतला आहे.

पोरगा वहीत डोकावून बघत होता. म्हणाला, "दादा, माझ्या लॅपटॉपवर पण दोन गेम आहेत. माझं नाव लिहू?"

"बिल आण," मी म्हटलं.

तो गप्प बसला. जरा वेळाने काउंटरमागे जाऊन त्याने मोबाइल काढला. 'राजी' आता कितीला मिळतो, ते तो बघत होता.

अण्णांनी पैसे विचारले. घ्यायला जीव होत नव्हता. त्या दिवाळीचं मला आठवत होतं. पण ते ऐकेनात, "काम केलंत की सहा तास." मी पाचशे सांगितले. त्यांनी मोजून दिले आणि म्हणाले, "बिल द्या."

मी बिल फाडलं: बॅकअप प्रत, नग 1. त्यांनी ते दिव्याखाली धरून वाचलं, चार घड्या घातल्या, आणि खोक्यात 2004 च्या बिलाशेजारी ठेवून नॅपकिन पुन्हा गुंडाळला.