दोन बरण्या कशाला? श्टाईनपिल्त्स आणि त्याचे उन्हाळी भावंड

या सुट्टीत इंदूरला येताना बवेरियातल्या जंगलात स्वतः वेचून वाळवलेल्या अळिंबीच्या दोन बरण्या आणल्या. रामबागेतल्या काकूंनी एक चकती नाकाशी नेऊन विचारले, "अरे, या कुत्र्याच्या छत्र्या तर नाहीत ना? आणि माल एकच, तर बरण्या दोन कशाला?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यायचे आहे.

दोन्ही जाती बोलीट कुळातल्या. त्यांच्या टोपीखाली बाजारातल्या अळिंबीसारखे पापुद्रे नसून बारीक नळ्यांचा स्पंज असतो. तो कोवळेपणी पांढरा, पुढे पिवळा आणि अखेरीस हिरवट होतो. पहिली बोलीटस एड्युलिस, म्हणजेच जर्मनांचा लाडका श्टाईनपिल्त्स. दुसरी बोलीटस रेटिक्युलाटस, म्हणजे उन्हाळी श्टाईनपिल्त्स. तिचे वर्णन रेगेन्सबुर्गच्या शेफर यांनी १७७४ मध्ये केले, पहिलीला ब्युलियार यांनी १७८२ मध्ये नाव दिले.

उन्हाळी जात मे-जूनपासून, बहुधा ओक आणि बीच या झाडांखाली उगवते. श्टाईनपिल्त्स तिकडचा उन्हाळा सरता सरता येतो आणि त्याला स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्षही मानवतो. मात्र श्पेसार्टच्या जंगलात बीचखाली दोन्ही सापडतात, म्हणून झाडावर विसंबता येत नाही. मी आधी टोपीवरून बोट फिरवतो. उन्हाळी जातीची टोपी कोरडी, मऊ कातड्यासारखी लागते आणि पाऊस लांबला की सुकलेल्या चिखलासारखी तडकते. श्टाईनपिल्त्सची गुळगुळीत, ओल्या दिवसांत किंचित चिकट, कडेला बारीक पांढरी रेघ असलेली. मग देठ पाहायचा: उन्हाळी जातीवर उठावदार जाळी जवळजवळ तळापर्यंत उतरते, श्टाईनपिल्त्सवर पांढरी नाजूक जाळी मुख्यतः वरच्या भागात असते. जाळी गडद तपकिरी आणि स्पंज गुलाबीसर दिसला, तर ती कडू बोलीट. तिचा एक तुकडा सारी भाजी वाया घालवतो.

चवीला मला दोन्ही सारख्याच आवडतात, पण उन्हाळी जातीला उकाड्यात अळ्या फार लागतात. जुलैत कापलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक मी हळहळत टाकून देतो.

काकूंचा पुढचा प्रश्न होता, इंदूरजवळच्या चोरल-पाताळपाणीकडे या मिळतील का. बोलीटांना मुळांशी विशिष्ट प्रकारचे सख्य जोडणारी झाडे लागतात. ओक, बीच, स्प्रूस ते जोडतात, आपला सालवृक्षही जोडतो. साग मात्र निराळ्याच बुरशींशी नाते ठेवतो. त्यामुळे आपल्याकडच्या सागवनात बोलीट शोधण्यापेक्षा पावसाळ्यात मंडल्याच्या सालवनात जावे, असे मी त्यांना सांगितले.