तुम्ही विचारलंत म्हणून: पटकथेसाठी पहिले पुस्तक कोणते?

बडोद्यातील हौशी रंगभूमीवर वावरणारे आणि आता लघुपटांकडे वळलेले तरुण मला वारंवार विचारतात, की पटकथा लिहायला शिकायचे असेल तर पहिले पुस्तक कोणते घ्यावे. बहुतेकांनी सिड फील्ड यांचे १९७९ मधील ‘स्क्रीनप्ले’ किंवा ब्लेक स्नायडर यांचे ‘सेव्ह द कॅट’ मनाशी आधीच ठरवलेले असते. ही दोन्ही पुस्तके अवश्य वाचावीत, पण त्यांपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे.

या पुस्तकांचा भर रचनेवर आहे. फील्ड सुमारे १२० पानांच्या पटकथेचे तीस, साठ आणि तीस पानांचे तीन अंक पाडतात. स्नायडर ११० पानांत पंधरा टप्पे नेमून देतात. ज्याच्या हाती स्वतःचा मसुदा आहे त्याला कथा कुठे रेंगाळते हे या मापांवरून सापडते. परंतु ज्याने अजून एकही प्रसंग डोळ्यांसमोर उभा केलेला नाही, तो कोष्टक भरायला बसतो, आणि मग त्याची पात्रे एकमेकांना माहिती पुरवत राहतात. शिवाय ही गणिते मध्यंतर नसलेल्या हॉलीवूडच्या चित्रपटाची आहेत. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा हिशेबही इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टंकावर आणि मांडणीवर आधारलेला असल्यामुळे देवनागरी पानाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यापेक्षा प्रसंग मोठ्याने वाचून घड्याळ लावावे.

म्हणून पहिले पुस्तक पाहायला शिकवणारे असावे. मी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्याशी केलेल्या दीर्घ संभाषणाचे पुस्तक सुचवतो, जे १९६६ मध्ये प्रथम फ्रेंचमध्ये आले. हिचकॉक मूकपटांच्या काळात घडलेले असल्यामुळे जे चित्राने सांगता येते ते संवादावर का सोपवू नये, हा विचार त्यात पुन्हा पुन्हा येतो, आणि तोही प्रत्यक्ष प्रसंगांच्या आधाराने, चित्रचौकटींसह. त्याच्या जोडीला स्कॉट मॅक्लाऊड यांचे १९९३ मधील ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ घ्यावे. दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत वाचकाचे मन काय जोडते, हे ते स्वतः कॉमिकच्या रूपातच दाखवते. एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाताना मधले काय गाळावे, हा पटकथाकाराचा रोजचा प्रश्न आहे. ब्रूस ब्लॉक यांचे ‘द व्हिज्युअल स्टोरी’ अवकाश, रेषा, आकार, छटा, रंग, हालचाल आणि लय या सात घटकांचा अभ्यास आहे. ते थोडे लिहून झाल्यावरच घ्यावे.

बडोद्यात राहणाऱ्याला या वाचनाचा सराव गावातच करता येतो, आणि त्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही याची मला खंत वाटते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी इथल्या कलाभवनात शिकले होते. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत, कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची गंगावतरणाची आणि महाभारतातील युद्धाची चित्रे आहेत. मॅक्लाऊड वाचून झाल्यावर यांपैकी एका भिंतीसमोर उभे राहून, नजर कुठून कुठे जाते त्या क्रमाने, फक्त जे दिसते तेवढेच वर्तमानकाळात लिहून काढावे. ‘तिला दुःख झाले’ असे लिहिता येत नाही म्हटल्यावर हात, मान आणि अंतर यांकडे लक्ष जाऊ लागते.

दुकानात पुस्तक चाळताना मधले कोणतेही प्रकरण उघडावे. त्यात एखाद्या ठोस प्रसंगाची फोड असेल, तो चित्रपट तुम्हाला पाहायला मिळण्यासारखा असेल आणि लेखक तुम्हाला काही करायला सांगत असेल, तर पैसे सत्कारणी लागतील. इंग्रजी जड जात असेल त्याने संकोच न करता मनोहर श्याम जोशी यांचे हिंदी ‘पटकथा लेखन: एक परिचय’ आणावे, १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘हम लोग’ लिहिणाऱ्या लेखकाचे ते पुस्तक असल्यामुळे आपल्याकडील कामाची ओळख त्यातून होते. एवढे झाल्यावर दहा-बारा पानांचा लघुपट लिहावा आणि मगच फील्ड उघडावे, तोही आपला मसुदा आणि पेन्सिल शेजारी ठेवून.