अडुसष्ट नंबरचा डावा कोपरा

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की आमच्या मंडळाला सुपर बोलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचे, वेध लागतात. फिलाडेल्फियाच्या उपनगरात कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पडदा लागतो. जिन्याशी चपलांचा ढीग, कोपऱ्यात मिसळीचं पातेलं, शेजारी उरलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा.

४ फेब्रुवारी २०१८ ला आमच्या ईगल्स संघानं पॅट्रियट्सना ४१-३३ असं हरवलं, तेव्हा घसे बसेपर्यंत ओरडलो. फिलाडेल्फियाचा तो पहिलाच सुपर बोल विजय! पण खेळ खरा कळला तो नंतर, जॉर्डन माइलाटामुळे.

हा सिडनीचा मुलगा, आईवडील सामोआचे. रग्बी लीग खेळत वाढलेला, उंची ६ फूट ८ इंच. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या परदेशी खेळाडूंसाठीच्या योजनेतून तो २०१८ च्या सुरुवातीला फ्लोरिडात आला. तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. तरी त्याच एप्रिलमध्ये ईगल्सनी त्याला नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं. पहिले दोन हंगाम तो एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांच्या हाताखाली उभं कसं राहायचं इथपासून शिकत राहिला. परक्या देशात सगळं पहिल्यापासून शिकणं म्हणजे काय, ते आमच्या बेसमेंटमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच २०२१ मध्ये त्याला चार वर्षांचा ६.४ कोटी डॉलरचा करार मिळाला, तेव्हा घरातलंच कुणी पास झाल्यासारखे पेढे वाटले.

त्याचं काम मात्र उलगडून सांगितलं आबांनी. मंडळातल्या एका घरचे हे आजोबा, साताऱ्याकडचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले. २०२३ च्या सुपर बोलला ते इथेच होते. ईगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जेलन हर्ट्स उजव्या हाताने फेकतो, फेकायला वळला की डावीकडून त्याची पाठ उघडी पडते, आणि तिथून येणाऱ्याला लेफ्ट टॅकल, म्हणजे अडुसष्ट नंबरचा माइलाटा, अडवतो, एवढं ऐकलं मात्र, आबा उठलेच. "म्हणजे डावा कोपरारक्षक! चेंडू कशाला बघता? अडुसष्टचे पाय बघा."

मध्यंतरात त्यांनी गालिच्यावर गुडघे वाकवून पवित्रा घेतला, तळवे छातीसमोर. हिरव्या जर्सीतली पोरं मनगटं धरून शेजारी साखळीत उभी राहिली. त्या रात्री कॅन्सस सिटी चीफ्सकडून ३८-३५ अशी हार झाली, त्यांची विजयी किक गेली तेव्हा जेमतेम आठ सेकंद उरले होते. पोरं रडली. आबा त्यांच्याजवळ खाली बसून राहिले.

९ फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा समोर चीफ्सच, सामना न्यू ऑर्लिन्सला. मध्यंतराला २४-० आघाडी, शेवटी ४०-२२! आबा तेव्हा साताऱ्याला होते. तिकडे सोमवारची सकाळ. मध्यंतरातच त्यांचा व्हिडिओ कॉल आला, हातात चहाचा कप.

"साखळी धरली का रे?"

पोरं गालिच्यावर तयारच होती. कुणीतरी फोन खाली, त्यांच्या पायांकडे वळवला.

"धाकट्या, गुडघा वाकव अजून," आबा म्हणाले.