मस्टरमधली वेळ

२४ डिसेंबर, रात्री

आज साने गुरुजींची जयंती. परिपाठात त्यांच्याविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे होते. पालगडचा जन्म, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात केलेले उपोषण, हे सारे मी सांगितले. परंतु माझे मन रेंगाळत राहिले ते अमळनेरच्या छात्रालयात. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली शिक्षक म्हणून लागलेल्या गुरुजींकडे छात्रालयाचीही जबाबदारी आली. मुलांनी खोली झाडली नाही, कपडे तसेच टाकून दिले, तर ते रागावत नसत. स्वतः केर काढीत, कपडे धुऊन ठेवीत. मुलांना बोलण्याची गरजच उरत नसे. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले, तेव्हा वर्गात देशाविषयी ऐकलेले शब्द खरे होते हे त्या मुलांना डोळ्यांनी दिसले असेल.

हे बोलताना माझा आवाज दोनदा अडखळला, कारण समोरच्या रांगेत सातवीची वर्गनायिका उभी होती.

गेल्या आठवड्यात, उशिरा येणाऱ्यांच्या वहीत तिने आपल्या मैत्रिणीचे नाव घातले नव्हते. मी तिला बोलावून विचारले. ती घाबरली नाही, उद्धटपणाही तिच्या बोलण्यात नव्हता. "बाई, तुम्हीपण मस्टरमध्ये साडेदहाच लिहिता ना?" एवढेच ती म्हणाली. खडूचा डबा आणायला ती रोज कार्यालयात येते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. एसटी उशिरा पोहोचली की मी दहापंधरा मिनिटे मागे पडते, आणि एवढ्याने काय बिघडते, असे म्हणून ठरलेली वेळ लिहून सही करते. हे वर्षभर चालले होते. खरेपणावर मी वर्गात जे काही बोलले असेन, त्यातले एक वाक्यही तिला आठवले नाही. तिला माझी सही आठवली. मैत्रिणीला सांभाळून घेण्यात काही वावगे आहे, असे तिला वाटलेच नव्हते, आणि ते तिला न वाटण्याचे कारण मी होते, ही गोष्ट अजूनही मला सोसवत नाही.

त्या दिवशी मी तिला काहीच उत्तर देऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा रखडली. मी मस्टरमध्ये १०.४२ अशी वेळ लिहिली आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगितले की आजवरच्या काही नोंदी खऱ्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि यापुढे खरी वेळच लिहा, असे म्हणाले. मग वर्गात जाऊन मी मुलांनाही तेच सांगितले. वर्ग अगदी शांत होता. मुलांच्या मनात काय आले ते मला कळले नाही, आणि एका कबुलीने वर्षभराचे पाहिलेले पुसले जाईल, अशी माझी समजूतही नाही. तिच्या वहीत काय लिहिले जाते, ते मी मुद्दामच तपासलेले नाही.

उद्या नाताळची सुट्टी आहे. परवापासून आधीची एसटी धरायची, म्हणजे डबा सातच्या आत व्हायला हवा. गवार निवडून ठेवली आहे.