चाकोरीत पाय ठेवला तेव्हा

मुलं अठरा, मोठी माणसं चार. जुनी गाडीवाट, जंगलातून जाणारी, जेमतेम तीन किलोमीटरची. आम्ही दीड तास धरला होता, लागले साडेतीन.

नियम दोनच होते. पुढच्या माणसाच्या पुढे कुणी जायचं नाही आणि मागच्या माणसाच्या मागे कुणी राहायचं नाही. वळण आलं की शिरगणती. वेग मात्र ठरवणार सगळ्यांत लहान मूल, म्हणजे सात वर्षांची एक मुलगी. सुरुवातीला मीच "चला, चला" करत होते. ते पहिल्या अर्ध्या तासात सुटलं.

कारण वाट अचानक खाली गेली. दोन्ही बाजूंना मुलांच्या खांद्याएवढे मातीचे काठ, त्यांतून लोंबणारी मुळं.

"मावशी, हे कुणी खणलं?"

कुणीच नाही. खुरांनी आणि चाकांनी माती मोकळी केली, पावसाने ती वाहून नेली, पुढच्या मोसमात पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं. एका मुलाला हे पटेना. त्याने टाचेने माती उकरली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि गढूळ ओघळ उताराला लागलेला पाहिला. मग म्हणाला, "हां."

पुढे कातळ लागला आणि त्यावर दोन समांतर खोबणी. चार बोटं खोल, आतून गुळगुळीत. ही चाकोरी! हा शब्द आपण उठता-बसता वापरतो, पण चाकाने दगडात घासून पाडलेली खरी चाकोरी मुलांपैकी कुणीच पाहिली नव्हती. मीही नाही. मी खाली बसून हात फिरवला. चाकावरच्या लोखंडी पट्टीने, धावेने, किती फेऱ्या मारल्या असतील!

एका खोबणीच्या तळाशी करड्या दगडफुलाचा गोल डाग होता. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडलं, तेव्हा दगडफुलांच्याच कित्येक अभ्यासकांना ते मान्य नव्हतं. मुलांनी मात्र लगेच मान्य केलं. कातळाला असं घट्ट चिकटणारं दगडफूल बहुधा वर्षाला मिलिमीटरभरही पसरत नाही, असं सांगितल्यावर एकाने पट्टी काढली. डाग पाच सेंटिमीटर. मध्यापासून कडेपर्यंत पंचवीस मिलिमीटर. "म्हणजे निदान पंचवीस वर्षं इथून गाडी गेली नाही!" हा हिशोब त्यांचा, मी फक्त ऐकत होते.

शेवटचा थांबा पाचोळ्यात. वरची पानं कोरडी, कुरकुरीत. त्याखालची ओली, एकमेकांना चिकटलेली, मध्ये बुरशीचे पांढरे धागे. आणखी खाली पानाची नुसती जाळी उरलेली. वितभर खाली पान नाहीच, काळी, भुसभुशीत माती. पावसानंतरचा तो मातीचा वास तिथे मुठीत धरता येत होता. एक पैसा किडा निघाला. बोट लागताच त्याने स्वतःला गोल वळवून घेतलं. कुजलेली पानं खाऊन त्यांची माती करणाऱ्यांपैकी हा एक. मुलं कितीतरी वेळ गप्प बसून होती, तो उलगडायची वाट बघत.

पुढच्या वळणावर शिरगणती केली. सतरा. मागे वळून पाहिलं, तर आमचा मागचा माणूस वाटेत शांतपणे उभा. त्याच्या पायाशी ती सात वर्षांची मुलगी उकरलेल्या जागेवर पानं परत रचत होती. ओली खाली, कोरडी वर.

"मावशी, थांब ना. त्याचं छप्पर राहिलंय."

आम्ही थांबलो.