सरांनी मला आउट दिलं

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा ठरवलं होतं शाळेबद्दल बरंच काही लिहायचं, पण लिहायला बसलो की पीटीचे सरच समोर येतात. नाव कशाला लिहू, शिट्टी म्हटलं की आपल्या बॅचला कळतं.

माझा डावा पाय पोलिओचा. पोरं खेळायला घ्यायची मला, तशी तक्रार नाही, पण कच्चं लिंबू म्हणून. म्हणजे मी आउट झालो तरी आउट नाही आणि मी कुणाला आउट केलं तरी ते धरायचं नाही. आठवीत लंगडीच्या तासाला सरांनी मला पायाला आधार देणारा कॅलिपर काढायला लावून आत सोडलं. उजवा पाय दणकट होता, एकाला गाठलंच होतं, पण डावा लुळा, वर धरवेना, टेकला. पोरं ओरडली, "चालतंय सर, कच्चं लिंबू आहे!" सरांनी शिट्टी मारली. "पाय टेकला. आउट. कच्चं-बिच्चं काय नाय, बाहेर ये."

जाम रडलो मी. आई तर सरांवरच भडकली.

पुढच्या तासाला सरांनी स्वतःचा पट्टा काढला, माझा गुडघा दुमडून मांडी आणि घोटा एकत्र बांधला आणि तास संपेपर्यंत एका हाताने पँट सावरत शिट्टी वाजवत राहिले. त्या दिवशी मी तिघांना बाद केलं. आमची पळायची पाळी आली की मी पहिल्याच मिनिटाला गारद, त्याला इलाज नव्हता, पण ते वहीत लिहिलं जायचं!

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं, हे मला 2018 ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कळलं. सरांना तरी माहीत होतं का कोण जाणे.

आता मी बँकेत मॅनेजर आहे. मुलीच्या शाळेत स्पोर्ट्स डेला गेलो तर व्हीलचेअरवरच्या एका पोराला स्कोअर लिहायला बसवलेलं, वर टाळ्या पण त्यालाच जास्त. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळात सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलंय, पण पट्टा काढणारं कुणी दिसलं नाही.

असो. कार्यक्रमाला येतोय. स्टेजच्या पायऱ्यांना कठडा लावला असेल तर बरं, नसेल तर कुणीतरी उजवीकडे उभं राहा.